पुलाअलीकडच्या जिजी

प्रकाशा गावाचं नाव न घेता प्रकाशाला जाता येतं, हे मला जिजींनी दाखवून दिलं. शहादा स्टँडवर नंदुरबारच्या गाडीत बसायचं आणि कंडक्टर जवळ आला की सांगायचं, “पूलना अल्याडनं एक तिकीट दे रे भाऊ.” नेहमीचा कंडक्टर निमूट तिकीट फाडायचा. नवीन असला की घोळ. कोणता पूल, अलीकडे म्हणजे कुठे, गावाचं नाव सांगा ना आजी. जिजी ढिम्म. शेवटी मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडायचं, अरे, प्रकाशा दे त्यांना. मग जिजी मान हलवून पैसे पुढे करायच्या. कारण एवढंच, की त्यांच्या नवऱ्याचं नाव प्रकाश होतं.

मी शहाद्याच्या आमच्या बँकेत अकरा वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा ‘चौकशी’ नावाच्या खिडकीत. या खिडकीत बसणाऱ्याला कशाचंच उत्तर माहीत नसलं तरी चालतं, फक्त चेहरा शांत ठेवता आला पाहिजे. पासबुकाचं मशीन बंद आहे, आधार पुन्हा जोडावं लागेल, सही जुळत नाही, साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या. ही पाच वाक्यं मी दिवसाला किती वेळा म्हणायचो देव जाणे. सहावं वाक्य होतं, ‘लिंक नाही’. ते ऐकलं की लोक शिव्या देत निघून जायचे. जिजी जायच्या नाहीत. गंभीर चेहऱ्याने विचारायच्या, “लिंक कोना गावले गई आज?” आणि बाकड्यावर जाऊन बसायच्या, पाहुणी परत येईपर्यंत थांबायची तयारी असल्यासारख्या.

बारीक अंगकाठी, डोक्यावरून पदर, नाकावर घसरलेला चष्मा. गळ्यात ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची शिवलेली पिशवी, त्यात मोबाईल. सुरतेला दिलेल्या लेकीने तो घेऊन दिला होता आणि बँकेचं ॲपही त्यावर टाकून दिलं होतं. खातं नवराबायको दोघांच्या नावाचं, पण नंबर जिजींचा आणि ॲपही जिजींचं, कारण वाचण्याची हौस आणि चिकाटी दोन्ही त्यांच्याकडे. तीस वर्षं त्यांनी अंगणवाडी सांभाळली होती. बाकड्यावर बसल्या की शेजारच्या बायांचे मोबाईल घेऊन त्यांचे मेसेज वाचून दाखवायच्या. डोंगरातून आलेली एखादी पावरा बाई नुसतं नाव सांगायची, तर जिजी तिला बापाचं, नवऱ्याचं, आडनावाचं असं सगळं पुरं सांगायला लावायच्या. अर्धं नाव त्यांना चालायचंच नाही. मला त्या सहा वर्षांत एकदाही ‘साहेब’ म्हणाल्या नाहीत. खिडकीपाशी येऊन म्हणायच्या, “सुनील रामदास, चहा पिना का?”

जगातल्या प्रत्येकाचं नाव त्या असं तोंडभरून घ्यायच्या, एक सोडून. अंगणवाडीत एका वर्षी तीन प्रकाश आले, तर तिघांनाही त्यांनी ‘बापू’ करून टाकलं. रजिस्टरात मात्र तिघांची नावं स्वच्छ अक्षरात. लिहिलेलं चालतं, बोललेलं चालत नाही, असा त्यांचा कायदा होता. बँकेतही तेच. मी सहखातेदाराचं नाव विचारलं की त्या हात पुढे करायच्या. मी पेन द्यायचो, त्या कागदाच्या कोपऱ्यावर लिहायच्या, ‘प्रकाश दगडू पाटील’, आणि कागद माझ्याकडे सरकवून दुसरीकडे बघायच्या. गावाच्या रकान्यालाही पेनच लागायचं.

एकदा मी चेष्टेत म्हटलं की जिजी, तुम्ही शिकलेल्या, सरकारी काम केलेल्या, हे काय घेऊन बसलात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “एक दाव नाव लिधं का त्यास्ना आयुष्यमाईन एक दिन कमी व्हस. मन्ही सासू सांगे.” आणि लगेच, खरं असेल नसेल, पण तपासून बघायला नवरा एकच आहे, असंही म्हणाल्या. मी पासबुक मशीनमध्ये घातलं.

लेकीने ॲपचा पासवर्ड ठेवला होता तो बापाच्या नावाचाच, पुढे जन्मसाल. मला ते एकदा ॲप अडकलं तेव्हा कळलं. जिजी टाईप करून दाखवत होत्या, अर्थात न बोलता. मी त्यांना आमच्या भिंतीवरचा फलक दाखवला. नवऱ्याचं, मुलांचं नाव पासवर्डला ठेवू नका, चोर आधी तेच करून बघतात. जिजींना हे भलतंच वाटलं. “जे नाव मन्हा तोंडमाईन आजलगून निंघनं नही,” त्या म्हणाल्या, “ते चोरले कसं सापडी?” शेजारच्या खिडकीतला कॅशियरही हसला. पासवर्ड काही त्यांनी बदलला नाही.

ज्यांच्या नावाची ही एवढी राखण चालायची त्या प्रकाशरावांना सगळं गाव तात्या म्हणायचं. आम्हीही तात्याच म्हणायचो. उंच, थोडे वाकलेले, बोलायला मऊ. जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्तीच्या पथकात होते. काठी, मोलगी, धडगाव ही गावं, सगळा सातपुडा त्यांनी नटबोल्टांचे पाने खांद्यावर टाकून पायाने तुडवला होता आणि त्यात गुडघे घालवून बसले होते. पेन्शन चालू राहायची तर दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला भरावा लागतो, तेवढ्यासाठी ते वर्षातून एकदा यायचे. आम्ही त्यांच्याकडे बघायचं, हे जिवंत आहेत असं लिहून शिक्का मारायचा. तात्यांना याची गंमत वाटायची. नीट बघ, श्वास चालू आहे ना, असं मला विचारायचे.

दाखल्यावर सही करताना एकदा ते आपल्याच नावाकडे बघत राहिले. मी विचारलं, काही चुकलं का? म्हणाले, “माय गई तैपाईन मन्हं नाव कागदवरच शे.” बरोबरीचे मित्र गेले, वरिष्ठ गेले, लेक तात्या म्हणते, गाव तात्या म्हणतं, आणि घरात तर विषयच नाही. ते हे सांगत होते तेव्हा जिजी शेजारीच उभ्या होत्या. ऐकलं न ऐकल्यासारखं करून त्यांनी पदर सारखा केला.

त्या वर्षीचा नोव्हेंबर मला विसरता येत नाही. येईल असं वाटतही नाही.

दाखल्यांची गर्दी होती. सकाळपासून लिंक नव्हती. म्हातारी माणसं पायऱ्यांपर्यंत बसलेली. जिजी रांगेत उभ्या होत्या आणि गुडघ्यांमुळे तात्यांना त्यांनी बाकड्यावर बसवलं होतं. रांगेत धक्के लागतात म्हणून गळ्यातली पिशवीही तात्यांच्याच हातात दिली होती. मोबाईल वाजला. पलीकडचा माणूस म्हणाला, नमस्कार प्रकाशभाऊ, बँकेतून बोलतोय, तुमच्या दाखल्याचं काम अडलंय.

आता बघा, हा माणूस बँकेतच बसला होता. दाखल्यासाठीच बसला होता. आणि समोर काचेच्या कॅबिनमध्ये आमचे मॅनेजर कानाला फोन लावून बोलत होते. तात्यांना वाटलं, साहेबच बोलतायत. एवढ्या गर्दीत म्हाताऱ्याला उठवायचं कशाला म्हणून आतूनच फोन लावलाय. त्यांनी कॅबिनकडे बघून हातसुद्धा केला. मी माझ्या खिडकीतून ते पाहिलं. मला वाटलं, ओळखीने करतायत. तात्या त्या माणसाशी चांगले पाच मिनिटं बोलले, आणि मोबाईलवर आलेला आकडा त्यांनी एकेक करून, नीट, सावकाश सांगितला. माझ्यापासून वीस पावलांवर, ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ या फलकाखाली बसून.

जिजी काही वेळाने पाणी घेऊन आल्या तेव्हा मोबाईलवर पैसे गेल्याचा मेसेज होता. त्या वाचायला उभ्या राहिल्या तेवढ्यात दुसरा आला. तात्या आनंदात सांगत होते, “साहेब कॅबिनमाईन बोलना. प्रकाशभाऊ म्हनी बोलना.”

जिजी सरळ माझ्या खिडकीवर आल्या. मोबाईल काचेला टेकवला. मी वाचलं आणि कीबोर्ड पुढे ओढला. एरवी खातं गोठवायला मला अर्धं मिनिट लागतं. त्या दिवशी स्क्रीनवर नुसतं गोल फिरत होतं. लिंक आमची गेली होती, चोरांची नव्हती. उरला तो ग्राहक सेवेचा नंबर. मी जिजींच्याच मोबाईलवरून लावला, स्पीकर चालू केला. मराठीसाठी दोन दाबा, कार्डासाठी एक दाबा, तक्रारीसाठी सहा दाबा, मग सनई. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुन्हा सनई. मी त्या बँकेचा पगार खात होतो, तरी सांगतो, त्या क्षणी ती सनई लावणारा सापडला असता तर मी त्याला तापीत ढकलला असता.

शेवटी एक मुलगी आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पडताळणीसाठी सहखातेदाराचं पूर्ण नाव सांगा मॅडम. जिजींनी माझ्याकडे हात पुढे केला. सवयीने मीही पेन दिलं. त्यांनी लिहिलं, कागद फोनसमोर धरला, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. मागून तात्या घाबऱ्या आवाजात स्वतःच बोलले, प्रकाश दगडू पाटील. मुलगी म्हणाली, शेजारून कुणी सांगितलेलं चालत नाही, सुरक्षेच्या कारणासाठी कॉल बंद करावा लागेल. आणि तिने तो केला. नियमाने ती बरोबर होती. असा नियम मीही शंभर लोकांना ऐकवला असेन.

पुन्हा लावला. दोन, सहा, सनई. तिसरा मेसेज आला. तात्यांची आयुष्यभराची पुंजी त्या खात्यात होती, आणि तात्यांना आता कळलं होतं. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. दुसरी मुलगी आली. कायमच्या पत्त्यावरचं गाव सांगा. जिजी म्हणाल्या, तापीकाठचं. गावाचं नाव सांगा मॅडम. जिजी गप्प. आणि सहखातेदाराचं नाव. जिजी गप्प. मॅडम, आपण ऐकताय का?

तेव्हा मी बोललो. मी म्हटलं, “जिजी, हा पोरखेळ नाही. तुमच्या वेडापायी म्हाताऱ्याचं सगळं जाईल. नाव घ्या.” चढ्या आवाजात म्हटलं. रांग वळून बघायला लागली.

जिजींनी माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात, अंगणवाडीत हजेरी घ्यावी तसं म्हणाल्या, “प्रकाशा. प्रकाश दगडू पाटील.”

बाकड्यावरून तात्यांनी मान वर केली आणि ओ दिली. “काय वं?” ते म्हणाले.

फोनवरची मुलगी टाईप करत होती तेवढंच ऐकू येत होतं. खातं गोठवलंय, ती म्हणाली, उरलेली रक्कम सुरक्षित आहे, आणखी काही मदत हवी आहे का? जिजींनी फोन माझ्या हातात दिला आणि तात्यांपाशी जाऊन बसल्या. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. तात्यांचा चेहरा मात्र लग्नातल्या फोटोत असतो तसा झाला होता. पैसे गेल्याचं ते दहा मिनिटांसाठी विसरले होते, हे मी शपथेवर सांगतो. दुपारी लिंक आली. मी तात्यांकडे बघितलं, हे जिवंत आहेत असं लिहिलं आणि शिक्का मारला.

पंधरा दिवसांनी तात्या गेले. दुपारी जेवून अंगणात बाजेवर पडले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. दोन वर्षांपासून गोळ्या चालू होत्या, वय पंचाहत्तरीच्या पुढे होतं. मला हे सगळं माहीत आहे. मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे, घरात साधं लिंबूमिरचीही बांधू देत नाही. माझी बायको मला पहिल्या दिवसापासून सुनील म्हणते आणि मला ते आवडायचं. पण त्या नोव्हेंबरापासून तिने स्वयंपाकघरातून हाक मारली की मी नकळत एक दिवस वजा करतो. तिला मी हे सांगितलेलं नाही.

तेराव्यानंतर जिजी मृत्यूचा दाखला घेऊन आल्या. लेक बरोबर होती, तिला त्यांनी झेरॉक्स काढायला पाठवलं. मला मोबाईल दाखवला. तात्यांना अग्नी दिला त्या संध्याकाळी बँकेचा मेसेज आला होता, की आपला हयातीचा दाखला स्वीकारण्यात आला आहे, धन्यवाद. अर्ज काढून दिला. त्या अर्जाचं नाव आमच्याकडे ‘नाव कमी करणेबाबत’ असं आहे. जिजींनी तो पूर्ण भरला, एकही खाडाखोड नाही.

मला राहवेना. मी म्हटलं, जिजी, त्या दिवशी मी तुम्हाला बोलायला नको होतं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवतील, आणि ऐकवावं असं मला फार वाटत होतं.

“तू काय करशी भाऊ,” त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात सांगत गेल्या. घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी तात्यांनी एक हट्ट सुरू केला. चूल पेटवताना, पाणी आणताना, जेवायला वाढताना. “त्या रोज म्हनेत, बँकमा जसं नाव लिधं तसं एक दाव परत ले. पंधरा दिन म्हनेत. मी नही लिधं. माले वाटनं, परत लिधं ते त्या जातीन.” त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. “नही लिधं तरी गयात.”

लेक झेरॉक्स घेऊन आली. मी अर्ज घेतला, स्क्रीनवर खातं उघडलं, सहखातेदाराच्या रकान्यातलं नाव निवडलं आणि बटण दाबलं. त्या दिवशी लिंक चांगली होती. एका झटक्यात झालं.

पुढच्या वर्षी माझी नंदुरबारला बदली झाली. निघण्याआधी महिनाभर आमच्या ग्राहक सेवेत एक सुधारणा आली. फोनवर माणूस यायच्या आधी यंत्राचा आवाज यायला लागला. तो खातेदाराचं नाव विचारायचा आणि ऐकून खातं शोधायचा. शोधायचा म्हणजे शोधायचा नाही. आमच्याकडच्या अहिराणी जिभेची नावं त्याला उमगायचीच नाहीत. लोक माझ्या खिडकीवर येऊन त्या यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. एकाने तर मोबाईलच आपटला होता.

माझ्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस जिजी आल्या. पासबुक नाही, अर्ज नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. कोपऱ्यातल्या बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि पिशवीतून मोबाईल काढला. बराच वेळ झाला तरी उठेनात. मला वाटलं, पुन्हा कुणीतरी गाठलं की काय. मी खिडकी सोडून लगबगीने त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो.

फोनमधला आवाज म्हणत होता, कृपया खातेदाराचं पूर्ण नाव सांगा.

“प्रकाश दगडू पाटील,” जिजी म्हणाल्या.

आवाज म्हणाला, हे नाव आमच्या नोंदीत सापडलं नाही.

नोंदीतून ते मीच काढलं होतं. मी सांगायला वाकलो, की जिजी, आता खातं तुमच्या एकटीच्या नावावर आहे, तुमचं नाव सांगा. त्यांना माझी चाहूल लागली. मागे न बघता त्यांनी हाताने मला थांबवलं. घरी शेजारणींना ऐकू गेलं असतं. बँकेत फोनवर नाव सांगणाऱ्या बाईकडे कोण बघतंय.

फोन म्हणाला, कृपया पुन्हा सांगा.

जिजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, मोबाईल तोंडाजवळ नेला आणि पुन्हा सांगितलं.